चैती गुलाबाची गाठ

मुक्काम आंबेजोगाई
वैशाख शुद्ध दशमी, शके १८३३

गुरुलिंगप्पा व्याही यांना रेवणप्पाचा शरणार्थ. साष्टांग नमस्कार लिहायला बसलो होतो, पण तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि तो अर्ध्यावरच राहिला. झाला तेवढा घ्या.

तुमी लिहिता की सुनेसंगं आलेला गुलाब चैतात फुलला आणि फुलं निघाली पांढरी, पाच पाकळ्यांची, ओढ्याकाठच्या झुडपाला येतात तसली. दिंद्रुडातल्या बाया येऊन बघून गेल्या आणि पदराआड हसल्या. इथवर मी वाचलं. पण खाली जे लिहिलंत, 'फूल एक दाखवलं आणि दिलं दुसरंच', ते नेमकं कुणाला लावून हाय? सोयरिकीत हे बोलणं कधी बोलतात हे मला कळत न्हाई असं वाटलं का तुमाला? एक पोरगी दाखवून दुसरीच गळ्यात बांधली की मग बोलतात. माझी महादेवी तुमच्या शिवलिंगाला दिली ती चार माणसांत दाखवलेलीच दिली. गुलाबही दाखवलेलाच दिला.

तुमी किराणा विकणारे, झाडातलं तुमाला कळायचं न्हाई, म्हणून सांगतो. आमचा चैती गुलाब आज्ज्यापासून आमच्या परसात हाय. वर्षातून एकदा फुलतो, फाल्गुनाच्या शेवटाला कळ्या धरतो आणि चैत सरला की संपला. बाकीचे महिने नुसते काटे आणि राखाडी पानं. पण त्या एका महिन्यात गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी कळतं की रेवणप्पाकडं गुलकंद घालायला घेतलाय. पाकळी वाळून चुरा झाली तरी वास सोडत न्हाई. आता हैदराबादेहून ते मोठाले विलायती गुलाब येतात, वर्षभर दात काढून हसतात आणि नाकाला लावावं तर मातीइतकाही वास न्हाई. अशा दिवसांत मी घरची चैती बाहेर दिली. माझ्या आत्यासंगं दिली न्हवती, बहिणीसंगं दिली न्हवती. पहिल्यांदा दिली ती लेकीसंगं, तुमच्या घरात.

तुमची जमीन काळी. पावसाळ्यात पाणी धरून बसते, चैतीचं मूळ त्यात सडतं. म्हणून मी दरीतल्या ओढ्याचा रानगुलाब आणून त्याचा खुंट केला आणि त्यावर चैतीचा डोळा भरला, म्हणजे तिच्या कोंबाचं कलम केलं. खाली रानटी, वर चैती. वरचा डोळा जिवंत असेल तर खुंट गप्प राहतो. खुंटाला पांढरी फुलं आली याचा अर्थ वरचा डोळा गेला. आणि डोळा काही पायानं चालत जात न्हाई. कुणीतरी नेला.

कुणी नेला ते मी आज लिहीत न्हाई. माघात बीडचा अत्तरवाला तुमच्या दुकानात दोन दिवस कावून बसून होता, कशासाठी, एवढंच विचारतो.

मला फसवणं सोपं न्हाई. झाड देताना जोडावर मेण लावलेला रेशमी दोरा बांधून दिलाय. त्याला मपली, माझ्या हातची गाठ हाय, ती आंबेजोगाईत दुसऱ्याला मारता येत न्हाई. आणि महादेवीला गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शपथ घातलीय, या झाडाला तिनं सुरी लावायची न्हाई आणि दुसऱ्या कुणाला लावू द्यायची न्हाई. फांदी न्यायची तर दोरा हलणार, गाठ बिघडणार. तवा मला ती गाठ दाखवा. जशीच्या तशी असली तर मी तुमच्या दारात येऊन पागोटं काढीन. बिघडलेली असली तर चोर तुमच्या घरात हाय.

पाकिटावर गावाचं सरकारी नाव, मोमिनाबाद, लिहीत जा. आंबेजोगाई लिहिलं की सरकारी टपालवाला मुद्दाम पत्र दाबून ठेवतो. उघडून वाचतही असेल.

रेवणप्पा


आंबेजोगाई
आषाढ वद्य द्वितीया

गुरुलिंगप्पा,

तुमचं उत्तर आलं. गाठ दिसत न्हाई म्हणता. झाड पुरुषभर वाढलंय, काटे आकड्यासारखे हायेत, आत हात जात न्हाई. बाजूच्या फांद्या छाटून बघा म्हणावं, तर त्यावरही तुमचं उत्तर तयार. आमच्या विहीणबाई नीलाबाई म्हणतात, सुनेच्या माहेरचं झाड, त्याला आमच्या घराण्यात सुरी लावत न्हाईत, सुनेची कूस उजवेपर्यंत त्याचा कोंबसुद्धा मोडत न्हाईत. वा. गाठ दाखवायची पाळी आली आणि घराण्याची रीत आठवली. लग्नाच्या याद्या झाल्या, तवा ही रीत कुठं गेलती?

तुमच्या बोलण्यावर विसंबून राहणाऱ्यातला मी न्हाई. गाडीवान हरिबाला गूळ घ्यायच्या निमित्तानं तुमच्याकडं धाडलं होतं. आता कळलं असेल तो एवढा वेळ परसाकडं कावून बघत होता ते. त्यानं येऊन सगळं सांगितलं. झाडाला बांबूचा मांडव केलाय, फांद्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधून वर चढवल्यात, बुडाला शेणखताचा ढीग. एवढे लाड कुणी रानगुलाबाचे करतं का? जे चोरलं त्यावर पांघरूण घालायलाच माणूस एवढा खपतो. आणि ओसरीवर फडकं बांधलेली नवी बरणी. हरिबानं तिच्यात काय म्हणून विचारलं, तर नीलाबाईंनी बरणी आत नेली. झाडाजवळ तर त्याला जाऊच दिलं न्हाई, लांबूनच बघा म्हणाल्या.

बरणीत काय होतं ते मला सांगू नका. गुलकंद घालण्यात मपली दाढी पांढरी झाली.

एरवी असा दोरा मी महिन्याभरात कापून टाकतो. हा मुद्दाम ठेवला, लाखेच्या मोहरेसारखा. गेल्या दिवाळीला येऊन माझ्या हातानं कापणार होतो, म्हणजे जोड कुठं आणि कसा हाय ते तुमच्यापैकी कुणाच्या नजरेला पडलं नसतं. पण दिवाळीचं बोलावणं तुमी कसं केलंत? बाजाराला आलेल्या तेल्याजवळ सांगावा धाडलात. माणूस धाडला न्हाई, नारळ न्हाई, कुंकू न्हाई. व्याह्याला सांगाव्यानं बोलावतात का? मी आलो न्हाई आणि योग्यच केलं. तुमाला मी यायलाच नको होतो, हे मला आता उमगतंय.

महादेवीला पंचमीला धाडा. लेकीला माहेरी पंचमीचा झोका लागतो, त्यात तरी तुमची कसली रीत आडवी येऊ देऊ नका. हरिबाची गाडी येते.

रेवणप्पा


आंबेजोगाई
भाद्रपद शुद्ध नवमी

गुरुलिंगप्पा,

पंचमी होऊन गेली, गणपतीही बसले, आणि पोरीला कधी धाडता म्हणून तुमी तिसऱ्यांदा विचारताय. धाडत न्हाई. गाठ दाखवा आणि लेक न्या. यात मला काही वावगं दिसत न्हाई.

बरणीत लिंबाचं लोणचं होतं म्हणता. असेल. महादेवीही लोणचंच म्हणते. तुमी दोघं एकच शब्द बोलता, त्यावरूनच मला शक आला.

ती आली त्या दिवशी मी तिच्या लुगड्यांची गाठोडी उघडून वास घेतला. चैतीचा वास कुठंच न्हवता. शांतादेवी, म्हणजे आमची बायको, दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, पोरीच्या कपड्यांचा वास घ्यायची येळ आली का तुमच्यावर. मी म्हणलं, तुला यातलं कळत न्हाई. तेव्हापासून ती मला वाढते पण बोलत न्हाई. तुमचं माणूस माझ्याही घरात हाय की काय, असं वाटायला लागलंय.

महादेवीला मी ओसरीवर बसवून सगळं विचारलं. ती म्हणते, वरच्या काडीला नेल्या नेल्या चांगली पालवी फुटली होती. पावसाळाभर वाढली. दिवाळीनंतर पानं पिवळी पडत गेली आणि संक्रांतीपर्यंत काडी वाळली. खालून खुंटाला कोंब आले ते मात्र माजले. मी म्हणलं, लहानपणी माझ्यासंगं दर पावसाळ्यात कलमांच्या खुंटाचे कोंब बोटानं मोडत होतीस, मग हे कावून मोडले न्हाईत? ती म्हणाली, तुमी शपथ घातली होती आणि सासूबाईंची रीत होती, दोघांकडून हात बांधलेले. मग एक सून दुसरं काय करणार, पाणी घालत राहिले.

ऐकायला किती सरळ वाटतं बघा. शिकवून धाडल्याशिवाय पोरगी इतकं सरळ बोलत न्हाई. चांगली काडी आपणहून कावून वाळेल? ना कीड, ना पाणी साचलं, ना शेळी लागली. मी तिला हेच विचारलं. तिनं माझ्याकडं लई येळ बघितलं आणि उठून गेली.

ती आता तुमची झालीय. मला त्याचंही वाईट वाटत न्हाई. न्हाई, खोटं कशाला लिहू, वाटतं. एवढी एक लेक, तिच्यासंगं घरातली सगळ्यात मोलाची वस्तू दिली, आणि ती उलट माझ्यावरच डोळे रोखून बसते.

रेवणप्पा


आंबेजोगाई
आश्विन वद्य प्रतिपदा

गुरुलिंगप्पा,

तुमचा शिवलिंग येऊन गेला. तुमच्या कानावर आलंच असेल, पण तुमच्या कानावर काय आलं याचा मला भरवसा न्हाई, म्हणून मी लिहितो.

जावई दारात आला तर पाय धुवायला पाणी दिलं. त्यानं हात पुढं केले आणि मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे. ताजे, जुने, एकावर एक. गुलाबाच्या काट्याचा ओरखडा मी अंधारात चाचपून ओळखीन. मी तिथंच विचारलं, हात कशानं फाडून घेतलेत? तो म्हणाला, आत हात घालून गाठ शोधत होतो, आप्पा. तुमाला दाखवायची होती. मी म्हणलं, शोधत होता की सोडवत होता? शांतादेवीनं पानं मांडली होती, पुरण घातलं होतं. तो पाटावर बसला न्हाई. तुमचं पत्र कट्ट्यावर ठेवलं आणि गेला. महादेवी आतल्या दारात उभी होती, तिच्याशीही बोलला न्हाई. मपल्या धाकानं बोलला न्हाई की अजून कशानं, ते मी ठरवलेलं न्हाई.

तुमचं पत्र वाचलं. कार्तिक पौर्णिमेला कपिलधारच्या जत्रेत मठाच्या स्वामींसमोर उभं राहू, तिथं मी लेकीला तुमच्या हवाली करावं, न्हाईतर तिथंच काडीमोड घ्यावी आणि तुमी पोराचं दुसरं बघायला मोकळे. असं शाईनं लिहिलंत.

बरं. काडीमोड तर काडीमोड. महादेवीला घेऊन येतो. स्वामींसमोर मी पहिली गोष्ट गाठीचीच काढणार. मी खोटा माल दिला की तुमी खरा माल लाटला, हे तिथं ठरू द्या. मग कुणाची काडी कुणी मोडायची ते बघू.

पत्र मी मोठ्यानं वाचलं तेव्हा महादेवी शेंगा फोडत होती. 'काडीमोड' ऐकल्यावर तिचे हात थांबले. पुन्हा फोडायला लागली तेव्हा शेंगा एकीकडं आणि टरफलं एकीकडं पडत न्हवती, सगळं एकातच चाललं होतं. मी बघितलं. बाप म्हणून मला काही वाटत न्हाई असं तुमी समजू नका. पण आज मी वाकलो तर जन्मभर तिला ऐकावं लागेल की बापानं एक दाखवून दुसरं दिलं. तिच्यासाठीच ताठ उभा हाय मी.

रेवणप्पा


दिंद्रुड, तुमच्या ओसरीवरून
कार्तिक शुद्ध द्वादशी

गुरुलिंगप्पा व्याही यांना रेवणप्पाचा साष्टांग नमस्कार. या खेपेला पुरा.

मुक्काम वाचून दचकू नका. तुमी घरची सगळी कपिलधारला पुढं गेला, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी धारूरचा घाट उतरल्यावर हरिबाला गाडी दिंद्रुडाकडं वळवायला सांगितली. घर रिकामं असेल, कुणी आडवायला नसेल, आपल्या डोळ्यांनी गाठ बघू आणि मग स्वामींसमोर उभं राहू, हा मपला बेत. माणसं घरी नसताना त्यांच्या परसात शिरायला निघालो होतो. चोर कोण ते तुमीच ठरवा.

महादेवी गाडीत संगंच होती. तुमच्या दाराशी आल्यावर उतरली, शेजारच्या भिवराबाईकडून किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि मला म्हणाली, या. पाहुण्याला म्हणतात तसं म्हणाली. पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला. मग मला परसात घेऊन गेली.

झाड बघितलं. हरिबानं सांगितलं होतं त्याच्याहून मोठं हाय. फुलं आता न्हाईत, पण शेंड्याशेंड्याला बोरांसारखी तांबडी फळं लागलीत आणि त्यांवर पाखरं तुटून पडलीत. चिंध्या बघितल्या. त्या महादेवीच्या लग्नातल्या पिवळ्या लुगड्याच्या हायेत. नीलाबाईंनी सुनेच्या झाडाला सुनेचंच लुगडं फाडून बांधलंय, दुसऱ्या कुणाचं न्हाई. बुडाशी दगडाचं आळं, शेण सारवलेलं. आमच्या घरी चैतीलासुद्धा कुणी कधी इतकं जपलं न्हाई.

मी पागोटं काढलं, उपरणं हाताला गुंडाळलं आणि आडवा होऊन बुडाशी शिरलो. महादेवीनं दोन हातांनी फांद्या वर धरल्या. तिचेही हात फाटत होते, पण तिनं सोडल्या न्हाईत.

गाठ हाय.

गुरुलिंगप्पा, गाठ जशीच्या तशी हाय. एक पीळ हललेला न्हाई, मेणही तसंच. जोडाच्या वर चैतीची काडी हाय, बोटाएवढी, काळी, वाळलेली. कुणी कापली न्हाई, कुणी नेली न्हाई. आणि दोरा कुठं हाय म्हणाल तर सालीच्या आत. काडी वाढत गेली, दोरा वाढला न्हाई. तो आत रुतत गेला, आणि वरून साल सुजून त्याच्यावर आली. खालचा रस वर जायला वाटच राहिली न्हाई. मेण लावून मी तो न कुजणारा केला होता. गाठ न सुटणारी मारली होती. लेकीला शपथ घातली होती, त्यामुळं कुणी कापायलाही धजलं न्हाई. आणि कापायला यायचं तर मी सांगावा आणि माणूस यांच्यात अडकून बसलो. आयुष्य गेलं डोळे भरण्यात, आणि हजार जणांना सांगत आलो की दोरा येळेत काढा, न्हाईतर कलम गळफास लागून मरतं. ते मपल्या मनात एकदासुद्धा आलं न्हाई, कारण मी झाडाकडं बघतच न्हवतो. मी तुमच्याकडं बघत होतो.

तशीही मपली खोड गेली न्हाई. मनात आलं, ही काडी तोडून खिशात घालावी, कपिलधारला तुमच्यासमोर ठेवावी आणि मपली चूक हाय ती मीच सांगावी, दुसऱ्याच्या तोंडून नको. मी काडीला हात घातला. वाळलेली ती, नुसती वाकवली असती तर मोडली असती.

वरून महादेवी म्हणाली, "आप्पा, काडी मोडू नका."

एवढंच म्हणाली. मी खाली मातीत पडलेलो, तिचं तोंड मला दिसत न्हवतं. नुसते हात दिसत होते, फांद्या धरलेले. मी काडी सोडली. लई येळ तिथंच पडून राहिलो. ती फांद्या धरून उभी राहिली.

बाहेर आल्यावर मी म्हणलं, पोरी, शपथ काढून घेतो, सुरी आण. तिनं सुरी आणली, मी दोरा कापला. काही उपयोग न्हाई त्याचा आता, तरी कापला. मग म्हणलं, पुढच्या पावसाळ्यात घरच्या चैतीचा नवा डोळा आणून भरतो, दोरा केळीच्या सोपटाचा बांधतो, आपोआप कुजून पडेल असा. ती म्हणाली, "आणा की. पण हा पांढरा छाटायचा न्हाई. माझ्यासंगं आलता, आणि हाच जगलाय." मग म्हणाली, चैतात फुलला तेव्हा वासाला लवंगेसारखा होता, संध्याकाळी घरभर यायचा. गाव हसत होतं, पण सासूबाई रोज पाच फुलं पूजेला घेत होत्या. हे तुमी मला कधी लिहिलं न्हाईत. लिहिलं असतंत तरी मी त्यातून काय काढलं असतं, ते मला ठाऊक हाय.

ती गाडीत बसायला तयार न्हाई. म्हणते, मी माझ्या घरी हाय. चूल पेटवलीय, माझ्यासाठी भाकरी टाकतेय. हे पत्र घेऊन हरिबा कपिलधारला येतोय. पौर्णिमेच्या आत तुमच्या हाती पडेल. स्वामींसमोर उभं राहायची गरज न्हाई. राहायचंच असेल तर मला बोलवा, मी एकटा उभा राहतो. शिवलिंगाला म्हणावं, आप्पा तुझे हात बघून जे बोलले ते त्यांनी परत घेतलं. तो माझ्याकडं जेवला न्हाई, मी त्याच्याकडं जेवून जातो, त्याची बायको वाढेल ते.

पागोटं काढीन म्हणालो होतो. काढलेलंच हाय, तुमच्या आळ्याच्या कडेला ठेवलंय. उचलायला मन होत न्हाई, तुमी आल्यावर बघू.

एक मागणं हाय. चैतात झाड फुलेल तेव्हा मला बघायला यायचंय. बोलवा. माणूस धाडायची गरज न्हाई, नारळ नको, कुंकू नको. बाजाराला येणाऱ्या तेल्याजवळ सांगावा धाडलात तरी येईन.

रेवणप्पा